रस्ता खणणाऱ्यानेच भरपाई द्यावी

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर कांद्याचा भाव आहे, विजेची बिले आहेत, कर्जाचा प्रश्न आहे. त्याच यादीत 'महामार्गाच्या कामात गाड्यांचे होणारे नुकसान' हा विषय पाहून काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, "हा तर गाडीवाल्यांचा विषय. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात कशाला?" आमचे उत्तर असे की गाडीवाला आता आपल्यातच आहे. पिकअप कर्ज काढून घेतलेली आहे, तिचा हप्ता पीक येवो न येवो महिन्याला भरावा लागतो, आणि तिच्यात आपलाच माल असतो. खड्ड्यात आदळते ती गाडी असली तरी खर्च शेतीच्या खात्यावर पडतो.

हिशेब करून पाहू. समजा, एका पिकअपमध्ये टोमॅटोचे ७० क्रेट भरले. क्रेटला ३०० रुपये धरले तर माल झाला २१,००० रुपयांचा. वाटेत रुंदीकरणाच्या कामात गाडीचे पाटे तुटले, एक टायर गेला. दुरुस्तीला ९,००० रुपये लागले. गाडी सहा तास उन्हात उभी राहिली, माल दबला, बाजार उतरल्यावर पोचला आणि क्रेटला २०० रुपये मिळाले. म्हणजे मालात ७,००० गेले. एका खड्ड्यात १६,००० रुपये बुडाले. उरलेल्या ५,००० मधून डिझेल, टोल, हमाली, तोलाई, क्रेटचे भाडे वजा करा, आणि मग खत, औषध, मजुरी कशातून काढायची ते सांगा. उत्पादन खर्च मोजणारे पंडित हा खड्डा कोणत्या रकान्यात धरतात? कोणत्याच नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आपण रस्त्याच्या विरोधात नाही. बाजारपेठ मोकळी करा म्हणणारी आपली चळवळ रस्त्याच्या आड कशी येईल? नाशिकचा माल कसारा घाट उतरून वाशीला जातो, कोकणचा हापूस पनवेलवरून जातो. रस्ता चांगला झाला तर पहिला फायदा आपला आहे. रस्त्यासाठी जमिनीही आपल्याच गेल्या आहेत. आपले म्हणणे एवढेच आहे की रस्ता बांधण्याचा खर्च ज्याने करायचा त्याने तो पुरता करावा. पर्यायी रस्ता नीट ठेवणे, फलक लावणे, रात्रीचे दिवे लावणे हा बांधकामाच्या खर्चाचाच भाग आहे. तो वाचवला की ठेकेदाराची बचत होते आणि आपले पाटे तुटतात. त्याच्या खिशात राहिलेला पैसा आपल्या खिशातून गेलेला असतो.

काम किती वर्षे चालते तेही पाहा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी तुकडे अपुरे राहिले. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला उड्डाणपुलाचे काम चालू असताना त्याचा भाग कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नाशिकच्या वाटेवर वडपे ते ठाणे या पट्ट्याच्या रुंदीकरणाच्या काळात आपल्या भाजीच्या गाड्यांनी काय सोसले, ते येथे बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. चार-आठ दिवसांचा त्रास माणूस सोसतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला मात्र 'तात्पुरती गैरसोय' म्हणता येत नाही.

आता 'रस्त्याचे काम चालू आहे, थोडे सांभाळून घ्या' असे आपल्याला सांगितले जाते, जणू काम चालू असताना कोणाची काही जबाबदारीच नसते. हे खरे नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कामाचे जे नमुना करार आहेत त्यांत स्पष्ट कलम आहे की काम चालू असताना जुना रस्ता ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने राखायचा आणि वाहतुकीच्या दृष्टीने तो कराराआधी होता त्यापेक्षा फारसा वाईट होऊ द्यायचा नाही. काम चालू असलेल्या ठिकाणी वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिका आहे, क्रमांक एसपी ५५, २०१४ सालची. तिच्यात कामाच्या पट्ट्याचे भाग पाडले आहेत. आधी सूचना देण्याचा भाग, मग गाड्या हळूहळू बाजूला वळवण्याचा भाग, मग प्रत्यक्ष कामाचा भाग आणि शेवटी गाड्या परत मूळ मार्गावर आणण्याचा भाग. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यातला एकच भाग दिसतो, तो म्हणजे खड्डा. अलीकडे एक दगड, त्यावर झाडाची फांदी, आणि अंधार.

आणि आपण फुकट चालत नाही. टोल देतो. गाडी घेताना वाहन कर भरतो. डिझेल टाकतो तेव्हा त्यात रस्त्यासाठीचा केंद्राचा अधिभार असतो. शेतात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरही तो द्यावा लागतो, म्हणजे जो ट्रॅक्टर महामार्गावर पाऊलही ठेवत नाही तोही महामार्गाचे पैसे देतो. तेव्हा भरपाई मागताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

मग नुकसान झाले तर करायचे काय? आपली सवय अशी की ठेकेदाराच्या माणसाला दोन शिव्या द्यायच्या, फिटर शोधायचा, गाडी चालू करायची आणि घरी येऊन नशिबाला बोल लावायचा. माल नासतो आहे, दुसरे करणार काय? पण ज्याच्याजवळ कागद नाही त्याचे नुकसान झालेलेच नाही, असे सरकारदरबारी धरतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे ते सांगतो. हे घरी जाऊन ड्रायव्हरला समजावून सांगा.

पहिले म्हणजे गाडी. खालून दणका बसला आणि ऑइल चेंबर फुटल्याचा संशय आला, ऑइलचा दिवा लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. 'ढाब्यापर्यंत तर नेऊ' असे म्हणून तशीच चालवली तर इंजिन जाम होते. चेंबर काही हजारात बदलतो, इंजिनाला लाख लागू शकतात. शिवाय फुटल्यावर गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान विमा कंपनी देत नाही. गाडी शक्य तेवढी कडेला घ्या, चारही दिवे चमकते ठेवा, मागे त्रिकोण ठेवा. नव्या थराची कड उंच असते, तिच्यावरून जबरदस्तीने गाडी उतरवू नका. टायरची बाजू तिथेच फाटते. माणसे गाडीच्या मागे उभी करू नका. गाडी परत घेता येते.

दुसरे म्हणजे पुरावा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे. खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी हातातली काठी किंवा पाण्याची बाटली ठेवून काढा, म्हणजे खोली कळते. किलोमीटरचा दगड, जवळचा पूल किंवा पेट्रोल पंप फोटोत येऊ द्या. आला त्या बाजूने मागे चालत जाऊन फोटो काढा; सूचनेचा फलक नव्हता, दिवा नव्हता, हे त्याच फोटोवरून सिद्ध होते. ठेकेदाराच्या नावाचा बोर्ड असेल तर त्याचा फोटो घ्या. मागून येणाऱ्या दोन ड्रायव्हरांची नावे आणि नंबर लिहून घ्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच्या नोंदीत टोलनाक्यावर तुम्ही किती वाजता होता ते आपोआप लिहिलेले असते. ती नोंद जपून ठेवा. तुमची गाडी त्या रस्त्यावर त्या वेळी होती आणि तुम्ही पैसे दिले होते, दोन्ही गोष्टी ती सांगते.

तिसरे म्हणजे नोंद. तिथूनच १०३३ या राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. 'राजमार्गयात्रा' या सरकारी अॅपवर फोटोसह तक्रार टाकता येते. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्याला २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत झाला. दंड फार नाही, पण पोलिसांच्या शिक्क्याची पोच पुढे फार उपयोगाची पडते.

चौथे म्हणजे बिले. तुटलेला पाटा, फाटलेला टायर भंगारात देऊ नका, घरी ठेवा. फिटरकडून साध्या कागदावर का होईना, काय तुटले आणि कशाने तुटले असावे हे लिहून घ्या. गाडी ओढून नेल्याची पावती घ्या. आणि शेतकऱ्याने विसरू नये अशी गोष्ट म्हणजे आडत्याची हिशेबपट्टी. तुमचा माल काय भावाने गेला ती पट्टी आणि त्या दिवशीच्या चांगल्या मालाचा बाजार समितीचा भाव, हे दोन कागद शेजारी ठेवले की मालाचे नुकसान रुपयांत निघते. मोटारवाला फक्त गाडीची भरपाई मागतो. आपल्याला मालाचीही मागायची आहे.

आता विम्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळांकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो. कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे, आणि आपल्या गाडीचे नुकसान तो एक रुपयाही देत नाही. फुल विमा असला तरी त्यातल्या बारीक अक्षरांकडे पाहा. खाजगी मोटारीत नुसता टायर फाटला तर पैसे मिळत नाहीत. टायरबरोबर गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. मालवाहू गाडीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर यांचे नुकसान जादा हप्ता भरून घेतले नसेल तर सहसा धरत नाहीत. गाडीतला माल तर मोटार विम्यात येतच नाही. गाडी खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा, त्यांच्या माणसाला पाहू द्या. आणि छोट्या दुरुस्तीसाठी दावा करण्याआधी बेरीज करा. दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते ती पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका दाव्यात ती बुडते. खड्डा ठेकेदाराचा आणि सूट मात्र आपली बुडणार, असा हा व्यवहार आहे. म्हणून विम्यावर थांबायचे नाही.

भरपाई मागायची कोणाकडे? इथेच आपल्याला चेंडूसारखे टोलवतात. प्राधिकरण म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो वाहतूक वळवण्याचे काम पोटठेकेदाराचे. पोटठेकेदार म्हणतो साहेबांना भेटा. आमच्या एका कार्यकर्त्याची पिकअप अशाच एका कामावर बिघडली. तो चार महिने तीन कचेऱ्यांत फिरला आणि प्रत्येक कचेरीने त्याला दुसऱ्या कचेरीचा पत्ता दिला. त्यातून आम्ही शिकलो ते असे की नोटीस एकट्याला द्यायची नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात आहे ते प्राधिकरण, महामंडळ किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, आणि प्रत्यक्ष काम करणारा ठेकेदार, सगळ्यांना एकाच दिवशी एकच नोटीस पाठवायची, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मग एकमेकांकडे बोट दाखवायचे ते त्यांनी एकमेकांत दाखवावे.

करार पाहायचा असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या कचेरीत १० रुपये फी आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कराराची प्रत, वाहतूक सुरक्षेचा मंजूर आराखडा, ठेकेदाराला केलेल्या दंडाचा तपशील मागा. याच कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. खडी आणि डांबराचा नमुना शेतकरी मागू शकतो, हे फार थोड्या अभियंत्यांना कोणी ऐकवले असेल.

नोटिशीला उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुंबईला जावे लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. टोल भरला म्हणजे सेवेचे पैसे दिले, ही आपली बाजू. समोरचा वकील म्हणेल की मालवाहतूक हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की गाडी स्वतःची, माल स्वतःच्या शेतातला आणि त्यावरच कुटुंबाचे पोट. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. ट्रॅक्टरची गोष्ट मात्र वेगळी. राष्ट्रीय महामार्गावर ट्रॅक्टरला साधारणपणे टोल नाही, त्यामुळे हा दरवाजा त्याला अरुंद आहे. त्याने दिवाणी दाव्याचा विचार करावा. सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, ती वेळेत द्यावी.

न्यायालये या प्रश्नाकडे पाहतच नाहीत असे नाही. केरळात पालियेक्कारा टोलनाक्याच्या रस्त्यावर कामांमुळे रस्ता खराब झाला, तासन्‌तास गाड्या अडकू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने टोलवसुली थांबवली आणि १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे टोल पुन्हा सुरू झाला, पण मधले दोन महिने तरी खराब रस्त्याचा टोल कोणी दिला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हे चांगलेच झाले. पण यात माणसाचा जीव आणि शरीर आहे. गाडी आणि माल नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घातले, त्यात सदोष रस्त्याबद्दल ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. तोही मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच, आणि दंडाची रक्कम जाते सरकारी निधीत. म्हणजे शेतकऱ्याचे पाटे तुटले, माल सडला, तर त्याच्यासाठी सोपा, ठरलेला असा एकही मार्ग कायद्यात नाही. आपली मागणी इथे आहे.

एकेकट्याने भांडण्यापेक्षा मिळून करण्यासारखा एक उपाय आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, जुने कलम १३३, असे सांगते की सार्वजनिक रस्त्यावरचा धोका दूर करण्याचा आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांत देऊ शकतात. याच कलमाखाली रतलामच्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने 'पैसे नाहीत' ही नगरपालिकेची सबब फेटाळली होती. एका गावाच्या पन्नास शेतकऱ्यांनी सही करून, फोटो लावून असा अर्ज दिला तर प्रांताला तो फायलीत दाबणे सोपे जात नाही.

थोडे आपल्यालाही ऐकावे लागेल. दाव्यात पहिला प्रश्न येतो तो वेगाचा आणि दुसरा वजनाचा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले आणि पाटे तुटले, तर ठेकेदार सुटतो. कामाच्या पट्ट्यात डंपरच्या मागे चिकटून चालू नका. त्याच्यामागचा खड्डा दिसत नाही आणि खडी उडून काच फुटते. पाणी साचलेले असेल तर ते वीतभर आहे की हातभर हे गृहीत धरू नका. आणखी एक गोष्ट. त्या उन्हात खडी वाहणारे बायाबापे हे आपल्याच कोरडवाहू गावांतून आलेले आहेत. शेती परवडली असती तर ते तिथे नसते. खड्डा त्यांनी ठेवलेला नाही. राग त्यांच्यावर काढू नका, आणि त्यांच्याजवळून जाताना गाडी हळू घ्या.

आता कामाला लागू. या मेळाव्यातून प्रत्येक तालुक्याने चार गोष्टी घेऊन जायच्या. एक, तालुक्यात एक नोंदवही ठेवायची. तारीख, किलोमीटर, गाडी, नुकसान, मालाची घट, सगळे तीत लिहायचे. दोन, दर महिन्याला त्या नोंदींवरून सगळ्यांना मिळून एक नोटीस पाठवायची. तीन, जो पट्टा सर्वांत धोक्याचा दिसेल त्यावर प्रांताकडे सामुदायिक अर्ज करायचा. चार, पुढील जिल्हा बैठकीत हा मागणीचा ठराव मांडायचा: प्रत्येक रस्त्याच्या कामावर ठेकेदाराच्या बिलातून काही रक्कम बाजूला ठेवावी, आणि फलक व दिवे नसताना गाडीचे व मालाचे झालेले नुकसान जागेवरच्या पंचनाम्यावरून ३० दिवसांत त्यातून द्यावे. ठेकेदाराला खड्डा महाग पडू लागला की तो बुजवायला त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

रास्ता रोको आपल्याला करता येतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण या प्रश्नात रस्ता आधीच अडलेला आहे, आणि अडवणारे आपण नाही. तो मोकळा करून घेण्यासाठी आज वह्या आणि पेन लागणार आहेत. वह्या व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवल्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या प्रमुखाने एक घेऊन जावी आणि पहिली नोंद या आठवड्यातच करावी.